होय, हा मीच

लेखकरावांचं साप्ताहिक सदर एकोणीस वर्षं बिनबोभाट चाललं होतं. मग नियमन कक्षाचं परिपत्रक आलं. यापुढे प्रत्येक व्यंगलेखासोबत, तो ज्याच्यावर लिहिला आहे त्या व्यक्तीची 'होय, हा मीच' अशी सही नमुना क्रमांक सातमध्ये जोडावी. सहीअभावी लेख कोणावरच नाही असे समजून सदर कायमचे बंद करण्यात येईल. मुदत शुक्रवार.

त्या आठवड्याचा लेख रांग मोडणाऱ्यांवर होता. 'फक्त एकच विचारायचं होतं' म्हणत थेट खिडकीत डोकं घालणारा माणूस. असे तर पैशाला पासरी मिळतात, म्हणून लेखकराव निर्धास्त होते.

आधी ते शेजारच्या दंतवैद्याकडे गेले. लेख मुळात त्यालाच बघून सुचला होता. वाचताना हसून हसून दंतवैद्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काय हुबेहूब उतरवलाय हो आमच्या मेहुण्याला!"

"मग सही करता?"

"मी कशाला? मेहुण्याकडे जा ना."

मेहुण्यानं त्यात आपले मुख्याध्यापक ओळखले. मुख्याध्यापकांनी लेखाची प्रत शिक्षकांच्या खोलीत लावली, "असल्या लोकांना लाज कशी वाटत नाही," म्हणाले आणि लेखकरावांना शाळेच्या शिपायाकडे धाडलं. तीन दिवसांत एक्केचाळीस घरं झाली. प्रत्येकानं पाठ थोपटली, चहा पाजला, पुढचा पत्ता दिला. सही कोणी केली नाही. इतका नेमका लेख आयुष्यात जमला नव्हता आणि नेमका तोच सदराच्या मुळावर आला होता. लेखकराव रडायचेच बाकी होते.

शुक्रवारी सकाळी बायको म्हणाली, "अहो, एवढी वणवण कशाला? तुम्हीच करून टाका की सही."

"मी?"

"परवा दवाखान्यात आईला रांगेत बसवून पुढे कोण घुसलं होतं?"

"अगं, मला फक्त एकच विचारायचं होतं!"

बायकोनं पेन पुढे केलं. लेखकरावांनी ते घेतलं नाही. पायांत चपला सरकवल्या आणि मुदत वाढवून मागायला थेट कक्ष गाठला.

तिथे रांगेसाठी जमिनीवर ठळक पिवळी रेघ ओढली होती. रेघेवर चिटपाखरू नव्हतं. खिडकीशी मात्र तीसेक माणसं एकमेकांच्या खांद्यांवरून काहीतरी फक्त विचारत होती. लेखकरावांनी कोपरांनी वाट काढली.

"रांगेत या," कारकून म्हणाला.

"फक्त एकच विचारायचं होतं. मुदत वाढवून मिळेल का? लेखातला माणूसच सापडत नाहीये."

कारकुनानं लेख वाचला. मग चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. मग पुन्हा लेखाकडे.

"मुदत कशाला हवी?" त्यानं नमुना क्रमांक सातचा कागद पुढे सरकवला. "इथं करा सही."

"तोंड सांभाळून बोला!" लेखकराव कडाडले. "मी लेखक आहे. असल्या माणसांवर मी लिहितो!"

कारकुनानं शांतपणे शिक्का उमटवला : 'लेख कोणावरही नाही. सदर बंद.'

नमुना क्रमांक सातचा तो कोरा कागद कक्षात अजून पडून आहे. ही गोष्ट वाचताना तुम्हाला कोणीतरी हमखास आठवलं असेल. कृपया त्याचा पत्ता कळवू नये. त्यानं तुमचा केव्हाच कळवला आहे.