जनाभाऊंचं लोहपीठ

जनाभाऊ राऊत कोणालाही नमस्कार करत नाहीत. ते समोरच्याच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने ओढतात, आत डोकावतात आणि निकाल देतात. "फिक्की!" किंवा "गुलाबी. चालेल."

आम्ही सांडोरला राहायला आलो त्या दिवशी टेम्पोतून कपाट उतरत होतं. त्याचं एक टोक माझ्या दोन्ही हातांत होतं, तेवढ्यात एक अनोळखी अंगठा माझ्या डोळ्याखाली आला. "गुलाबी," अंगठ्यामागचा माणूस म्हणाला आणि माझ्या बायकोकडे वळला. माधुरीने निमूट डोळा पुढे केला. "फिक्की! वहिनी, गुरुवारी येतो."

गुरुवारी बरोबर पाच वाजता ते पुडी घेऊन दारात उभे. जुन्या कॅलेंडरच्या कागदात राखाडी-हिरवी पूड. नाव लोहपीठ.

जनाभाऊंची केळीची वाडी आमच्या कुंपणाला लागून आहे. केळीचं पान पिवळं पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या की ते हिराकस घातलेलं पाणी फवारतात. हिराकशीत लोह असतं, पान पुन्हा हिरवं होतं. इथवर सगळं शेतीखात्यालाही मान्य व्हावं असं. पण भाऊ तिथे थांबले नाहीत. पान सुधारतं तर माणूस का नाही? त्यांनी मटकी हिराकशीच्या पाण्यात भिजवली, तीन दिवस मोड आणले, सावलीत वाळवली आणि जात्यावर दळली. मटकी लोह पिते आणि आपण मटकी खायची, असा सरळ मार्ग. दर गुरुवारी अकरा घरी पुडी पोचू लागली. फुकट.

मी लेखा विभागात सव्वीस वर्षं काढली आहेत. मला प्रमाण लागतं.

"भाऊ, रोज किती घ्यायचं?"

"बायांना दोन चिमटी, बाप्यांना एक."

"चिमूट कोणाची?"

"ज्याची त्याची!"

मी स्वयंपाकघरातला काटा काढला. माझ्या दहा चिमटी भरल्या चार ग्रॅम. भाऊंच्या दहा भरल्या नऊ. केळीचे घड उचलणारी बोटं ती. आकडे दाखवले तर म्हणाले, "सावंत, आईनं तुम्हाला मोजून पाजलं काय? झाडातून आलंय ते. झाड वाईट देत नाय."

"धोतराही झाडच आहे, भाऊ."

"तुम्ही हिशेबवाले. तुम्हाला धोतराच आठवायचा."

माधुरी मात्र निष्ठेने दोन चिमटी कणकेत मळून खात राहिली. चव गंजलेल्या खिळ्यासारखी होती. खिळा मी चाखलेला नाही, पण दुसरी उपमा सुचत नाही.

सात महिन्यांनी तिची रक्ततपासणी झाली. हिमोग्लोबिन होतं तिथेच, आणि अंगात साठलेलं लोह मात्र वरच्या मर्यादेच्या पुढे. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "लोहाची कुठली गोळी घेता?"

"गोळी नाही, मटकी," माधुरी म्हणाली.

बाईंनी पेन खाली ठेवलं. सगळं ऐकून घेतलं, आणखी एक तपासणी सांगितली. निष्पन्न असं झालं की माधुरी थॅलेसेमियाची वाहक आहे. तिचं रक्त जन्मापासून थोडं फिकं, ते लोहाच्या कमतरतेमुळे नव्हेच. "फिकं दिसलं म्हणजे लोह कमी, असं नसतं," बाई म्हणाल्या. "वरचं लोह आजपासून बंद. आणि शेतीची हिराकस पोटासाठी शुद्ध केलेली नसते. त्यात आणखी काय असेल सांगता येत नाही. कुणाच्या घरी लहान मूल असेल तर आजच ती पूड काढून घ्या. पोरानं मूठभर तोंडात टाकली तर जिवावर बेतेल."

मी दोन वेगवेगळ्या गुरुवारच्या पुड्या प्रयोगशाळेत देऊन ठेवल्या होत्या. तो अहवालही त्याच संध्याकाळी आला. एका पुडीत दुसरीच्या तिपटीहून जास्त लोह होतं. दोन्ही कागद घेऊन मी वाडीत गेलो.

भाऊंनी कागद उलटसुलट पाहिले. वाद घालतील म्हणून मी मुद्दे काढून ठेवले होते. एकही लागला नाही. ते पाटाच्या कडेला खाली बसले.

"वहिनीला काय झालं तर?"

"काही होणार नाही. बंद केलं की हळूहळू उतरेल म्हणाल्या."

त्यांनी दोन्ही कागदांची घडी केली. मग म्हणाले, "केळीचं पान पिवळं पडलं की मला तिकडच्या बांधावरून दिसतं. आमची सुलभा वर्षभर पिवळी पडत होती, सावंत. एकाच ताटात जेवायचो. ते नाय दिसलं."

त्यांच्या वारलेल्या बायकोचं नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

ते उठले. "चला. स्कूटर काढा. घरात पोर आहे तिथं पहिलं."

म्हात्र्यांच्या घरी तीन वर्षांची नात होती. पुड्या ओट्याखालच्या फळीवर, तिच्या हाताच्या उंचीला. भाऊंनी सगळ्या उचलून छातीशी धरल्या आणि एक एक मोजत पिशवीत टाकल्या. सगळ्या बंद. दोरासुद्धा सुटलेला नाही.

"खाल्ली नाय काय?" भाऊंनी विचारलं.

म्हात्रेवहिनी ओशाळल्या. "पोरं तोंडात घेईनात, भाऊ. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून…"

दुसऱ्या घरी पुड्या गुलाबाला घातल्या होत्या. गुलाब उत्तम होता. तिसऱ्या घरी कोंबड्यांना दाखवल्या, कोंबड्या निघून गेल्या. अकरांपैकी आमच्यासकट तीनच घरांनी पोटात घातली होती. बाकी दोघांना मी डॉक्टरीणबाईंचा पत्ता लिहून दिला. पिशवीत दोनशे सहा पुड्या जमल्या.

भाऊंना हायसं वाटलं की अपमान झाला, हे त्यांच्या चेहऱ्यावरून ठरवता येईना. बहुधा दोन्ही.

शेवटचं घर भुईगावला, कातरीनबायचं. वय ऐंशीच्या पुढे, मुलगे परदेशात. तिने बिस्किटांचा पत्र्याचा डबा पुढे केला. आत पुड्या ओळीने रचलेल्या.

"बाय, तूपन नाय खाल्ली?"

"तुझं ते लोखंड? ह्या दातांनी?"

"मग दर गुरुवारी घ्यायचीस कशाला?"

"अरे, घेतली नसती तर तू आला असता काय?"

भाऊंनी डबा घेतला. परतताना स्कूटरवर मागे बसून त्यांनी तो दोन्ही हातांनी मांडीवर धरला होता.

पुढच्या गुरुवारी पाच वाजले, सव्वापाच झाले. पाच पंचवीसला फाटक वाजलं. भाऊ बाहेरच उभे होते. हात रिकामे, आणि ते कुठे ठेवावेत हे कळत नसल्यासारखे.

"वहिनी, आज काय आणलं नाय," ते म्हणाले.

"बरं झालं," माधुरी म्हणाली. "आता पुढच्या दहा घरांची घाई नाही. आत या, बसा."

ते चपला काढून आत आले आणि बसले. तासाभराने माधुरीने विचारलं, "सुलभाताईंना काय आवडायचं, भाऊ?"

मग ते सांगू लागले, आणि मी घड्याळ बघायचं सोडून दिलं.