घराला आजोबा दिसत नाहीत

"बाबा, तुम्हाला जास्त धाक कोणाचा? आईचा की आपल्या घराचा?"

शनिवारी सकाळी टोस्ट चावता चावता भिंगरीनं हा प्रश्न विचारला आणि टेबलाखाली पायांची बोटं आवळून धरली. प्रश्न तिचा नव्हता, तिच्या मैत्रिणींचा होता. आदल्या दिवशी अभ्यासाच्या नावाखाली जमलेल्या त्या टोळीनं लख्ख उन्हात अंगणातला दिवा जळताना पाहिला होता, मागोमाग न्हाणीघरातून गार पाण्यानं काढलेली आईची किंकाळी ऐकली होती, आणि जाताना बजावलं होतं, की हल्ली एवढी शूर झाली आहेस ना, तर हे आईच्या देखत विचारून दाखव. भिंगरी खरोखरच हल्ली शूर झाली होती. परवापरवापर्यंत हजेरीला "यस" म्हणतानाही जिचा आवाज घशातून बाहेर येत नसे, तिनं वक्तृत्व स्पर्धेत वेळ संपल्याची घंटा वाजल्यावरही बोलणं आवरलं नव्हतं. बक्षीस मिळालं नाही, पण चटक लागली.

बाबांचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर लोकांच्या डोळ्यांसमोर भिंगं बदलून "आता बरं दिसतंय, की मघाशी?" असं विचारण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. त्यामुळे कुठल्याही प्रश्नाला झटकन उत्तर द्यायची त्यांना सवयच नव्हती. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"घराचा," ते म्हणाले. "आई निदान आधी सांगून रागावते."

"सांगतेच आहे मग," आईनं कप खाली ठेवला. "उद्याचा रविवार तुमचा. सोमवारी सकाळी इलेक्ट्रिशियन येतोय. भिंतीवर चारचौघांसारखी बटणं बसतील, आणि तो तुमचा मेंदू खोक्यात भरून माळ्यावर जाईल. मला बाकी काही नको. मला अंघोळीला गरम पाणी हवं."

बाबांनी मान डोलावली. वाद घातला असता तर भिंगरीला बरं वाटलं असतं. ते नुसते उठले आणि बशी विसळायला गेले.

मेंदू म्हणजे चपलांच्या कपाटात ठेवलेली काळी डबी. घरातले दिवे एका कंपनीचे, पंखे दुसरीचे, पाणी तापवायचं यंत्र तिसरीचंच. एकाचं दुसऱ्याशी पटत नव्हतं, कोणी कोणाची भाषा बोलत नव्हतं. भाऊबंदकीत अडकलेल्या घराण्यासारखी ही सगळी मंडळी बाबांनी समजावून, चुचकारून, वेळप्रसंगी स्क्रू काढून त्या एका डबीच्या ऐकण्यात आणली होती. खोल्याखोल्यांच्या कोपऱ्यांत त्यांनी हालचाल टिपणारे सेन्सर बसवले. त्यांना ते 'डोळे' म्हणत. दारांवर छोट्या पट्ट्या लावल्या. दार उघडलं की पट्टी चौकटीतल्या चुंबकापासून लांब जाई आणि घराला कळे. हे सगळं त्यांनी दुकान बंद झाल्यावर, कुणाला काही न विचारता, पुस्तकं वाचून आणि चटके खाऊन शिकून घेतलं होतं.

आणि चाललं तेव्हा ते काय सुरेख चाललं होतं. आजोबा पलंगावरून पाय खाली टाकत तेव्हा जमिनीलगत मंद उजेड पसरे, डोळ्यांवर न येणारा. भिंगरीची परीक्षा असली की दाराची घंटा आपणहून आवाज खाली घेई. आई संध्याकाळी मागच्या दारानं आत आली की अंगणातला दिवा विझे आणि तिच्या अंघोळीचं पाणी तापायला लागे. आई ड्रायव्हिंग शिकवायची. दिवसभर नवशिक्यांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसल्यावर माणसाला गरम पाण्याची किंमत कळते. ते ओळखून बाबांनी तो नियम सगळ्यांत आधी केला होता.

तोच नियम आता बंद पडला होता. शिवाय अंगणातला दिवा विझायला तयार नव्हता, आणि हॉलमधला दिवा रिकाम्या खोलीतही जळत राही. बाबांनी एक गाठ सोडवावी तर दुसरीकडे दोन पडत.

रविवारी सकाळी बाबा लॅपटॉप मांडीवर घेऊन चपलांच्या कपाटासमोर फतकल मारून बसले. भिंगरी दाराबाहेर, सेन्सरच्या नजरेआड उभी राहून रिकाम्या हॉलकडे बघत होती.

"आता विझला?"

"नाही."

"आता?"

"नाही, बाबा."

"आता बरं, की मघाशी बरं होतं?"

"मघाशीही लागलेलाच होता, बाबा."

असं बराच वेळ चाललं. बाबा चिडले नाहीत, त्यांनी डबीला शिवी दिली नाही, एकदा चपलेत हात घालून मात्र बसले. पाचव्यांदा सगळं बंद करून सुरू करताना ते हळूच म्हणाले, "डोळ्यात दोष नाही गं. त्याला कोणीतरी खरंच दिसतंय." आणि दुकानात एका म्हातारबुवांना चष्मा द्यायचा होता म्हणून ते निघून गेले. जाताना त्यांनी डबीवरची धूळ रुमालानं पुसली. ते भिंगरीनं पाहिलं. तिनं ठरवलं, हा मेंदू माळ्यावर जाणार नाही.

पण करायचं काय? लॅपटॉपमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. मग तिला वाटलं, डोळ्याला काय दिसतं ते बघायचं असेल तर डोळ्याच्या जागी जाऊन बघावं. तिनं स्टुलावर खुर्ची ठेवली नाही, एवढी अक्कल तिला होती. तिनं शिडी आणली, हॉलच्या कोपऱ्यात लावली, वर चढली आणि छताला डोकं टेकवून, सेन्सरच्या गालाला गाल लावून खाली पाहिलं.

खाली आजोबा वाचत होते. आजोबांची उभी हयात ग्रंथालयात गेली होती. तिथे आवाज न करण्याची त्यांना अशी सवय लागली, की निवृत्त झाल्यावर त्यांनी हालणंसुद्धा सोडून दिलं. पान उलटतानाही त्यांचं फक्त एक बोट काम करी. खालून कधी जाणवलं नव्हतं, पण वरून बघताना आजोबा आणि त्यांची खुर्ची वेगळी काढता येत नव्हती.

आणि पुस्तकांच्या कपाटामागे, खालून कुणालाही दिसणार नाही अशा जागी, एक छोटा टेबलफॅन फिरत होता. त्याच्या जाळीला लाल रिबन बांधलेली होती. ती मजेत फडफडत होती.

"आजोबा," भिंगरी छताजवळून म्हणाली, "ही काय भानगड आहे?"

आजोबांनी पुस्तकातून मान वर केली नाही. "कुठली?"

"कपाटामागची. लाल."

आता मात्र आजोबा हलले. त्यांनी चोरासारखं दाराकडे पाहिलं. "हळू बोल. मी वाचायला बसलो की दिवा जायचा. आधी हात हलवायचो. मग पुस्तक हलवायला लागलो. दर पानाला कवायत करायची म्हणजे वाचायचं कधी?"

"मग बाबांना सांगायचं ना."

"काय सांगू?" आजोबांनी पुस्तक मिटलं. "पोरानं एवढं हौसेनं घर उभं केलंय. त्याला जाऊन सांगू, की बाबा रे, तुझ्या घराला तुझा बाप दिसत नाही?"

भिंगरी शिडीवरच बसली. रिबनीमुळे हॉलमध्ये कायम कोणीतरी आहे असं घराला वाटत होतं. म्हणजे सगळे बाहेर गेले तरी घर रिकामं होत नव्हतं. म्हणूनच बाबांनी मध्यंतरी नियम बदलला होता: हॉलकडे लक्ष द्यायचं नाही, खुर्चीतले आजोबा मोजायचे नाहीत, पुढच्या दारानं बाकीची तिघं गेली की घर रिकामं समजायचं. आणि त्याच संध्याकाळी आई नेहमीसारखी मागच्या दारानं आत आली, तर रिकाम्या घरात चोर शिरला म्हणून भोंगा असा कोकलला, की तिच्या हातातली अंडी जमिनीवर आणि शेजारी कुंपणावर.

पण मग त्यानंतर भोंगा वाजला का नाही? बाबांनी तर त्याला हातही लावला नव्हता.

भिंगरी शिडीवरून उतरून थेट मागच्या दाराशी गेली. वरून खालून बघितलं, बोटं फिरवली. दारावरच्या पट्टीला काहीतरी जाड लागलं. फ्रिजवरचं बदक. कित्येक दिवस सगळे ज्याला शोधत होते ते पिवळं चुंबकी बदक, आता त्या पट्टीला घट्ट चिकटून बसलं होतं. चुंबक शेजारी असेपर्यंत पट्टीला वाटायचं आपण चौकटीपाशीच आहोत. दार सताड उघडलं तरी घराच्या लेखी ते बंदच.

आई गाडी पुसत होती.

"आई, बदक सापडलं."

आईचा हात थांबला. "अगं, हळू. बाबा आले का?"

"तू त्यांना सांगितलं का नाहीस, की भोंगा वाजतोय?"

"कोण म्हणतं नाही सांगितलं? अंडी सांडल्याचं सांगितलं. तर त्यांचं तोंड एवढंसं झालं." आईनं फडकं पिळलं. "हे बघ, नवशिक्याला दर वळणावर ओरडलं तर तो जन्मात गाडी शिकत नाही. माझ्या पायाशी ब्रेक असतो, तो मी गुपचूप दाबते. त्याला वाटतं त्यानंच दाबला. तसंच दाबलं इथंही. कोणाचं काय बिघडलं?"

"तुझं पाणी बिघडलं."

"काय?"

"तू घरी आलेलीच नाहीस, आई. घराच्या हिशेबानं तू तेव्हापासून बाहेरच आहेस. म्हणून अंगणातला दिवा तुझी वाट बघत दिवसरात्र जळतोय. आणि जी बाई घरीच आली नाही तिच्यासाठी पाणी कोण तापवणार?"

आई बदकाकडे बघत राहिली. इतक्या दिवसांच्या गार अंघोळी तिच्या चेहऱ्यावरून एकेक करून गेल्या. "म्हणजे मीच..." ती म्हणाली.

भिंगरीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. दोन आरोपी, दोघंही कबूल. आता फक्त एकच गोष्ट राहिली होती. एखादं दार फार दिवस उघडलं नाही की घरानं बोलून दाखवायचं, अशी सोय बाबांनी केलेली तिला पक्की आठवत होती. मग घर बोललं का नाही? तिनं आत जाऊन, घर ज्यातून बोलायचं त्या हॉलमधल्या स्पीकरलाच विचारलं, "काय रे, दाराचं का सांगितलं नाहीस?"

स्पीकर अत्यंत अदबीनं, अगदी कुजबुजत म्हणाला, "घरात कोणीतरी झोपलं आहे."

"कोण?"

"भिंगरी."

आजोबांचं एक बोट पानावर थांबलं. भिंगरीचे कान लाल झाले. सकाळी उठवणारा आवाज नको म्हणून तिनं केव्हातरी घराला सांगून टाकलं होतं, की मी झोपले आहे. उठले आहे हे सांगायचं मात्र राहूनच गेलं. शाळेत गेली, वक्तृत्व गाजवलं, जेवली, भांडली, आणि घर बिचारं इतके दिवस तिची झोपमोड होऊ नये म्हणून मूग गिळून बसलं होतं.

बाबा दुकानातून आले तेव्हा टेबलावर चहा होता, आणि चहाशेजारी एक लाल रिबन आणि एक बदक. आई खिडकीबाहेर बघत होती. आजोबा पुन्हा फर्निचर झाले होते. भिंगरीनं घसा साफ केला आणि सगळं सांगितलं, स्वतःच्या झोपेसकट. ती फार भरभर बोलली, कारण बाबांचं तोंड एवढंसं होईल ते तिला बघायचं नव्हतं.

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"बदकाचं माहीत नव्हतं," ते म्हणाले. "तुझ्या झोपेचंही नाही."

"आणि रिबनीचं?"

"ते माहीत होतं."

खुर्चीतलं फर्निचर दचकलं.

"मी बघितलं होतं ना," बाबा रिबन बोटाला गुंडाळत म्हणाले. "आजोबांनी तो पंखा लावला, रिबन बांधली, आणि दिवा जात नाही म्हटल्यावर एवढे खूश होऊन हसले. मी दारातूनच मागे फिरलो. म्हटलं, राहू दे. मी नियम बदलतो."

"म्हणजे ही सगळी भानगड..." आईनं खिडकीतून मान वळवली. "भोंगा, अंडी, माझं पाणी, सगळं त्या एका रिबनीला हात लावायचा नाही म्हणून?"

"हो," बाबा ओशाळून म्हणाले. "आज सकाळीही तिला सोडून बाकी सगळं तपासत होतो. जमेल असं वाटलं होतं. नाही जमलं. करू दे इलेक्ट्रिशियनला त्याचं काम."

आजोबांनी पुस्तक उलटं धरलं होतं. आईनं चहाचा कप बाबांकडे सरकवला, मग बिस्किटांची बशी सरकवली, मग सरकवण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा बदकही सरकवलं. भिंगरी तिघांकडे आळीपाळीनं बघत होती. एकानं दुसऱ्याचं मन दुखवायचं नाही म्हणून यांनी अख्ख्या घराला वेड लावलं होतं, आणि अजूनही तिघं तोंडाला कुलूप लावून बसले होते. आणि बाबा. आपल्या बापाचं एक हसू जाऊ नये म्हणून ज्यानं सगळ्या घराचे नियम फिरवले, त्या माणसाची डबी माळ्यावर जाणार होती. घंटा वाजल्यावरही न थांबणारा तो आवाज तिच्या गळ्यात वर चढला. ती उभी राहिली.

"मी ठरवलंय," ती म्हणाली. "उद्या मी शाळेत पहिल्या तासाला जाणार नाही. इलेक्ट्रिशियन येऊ दे. तो एकच बटण बसवणार, आजोबांच्या खुर्चीपाशी. दाबलं की दिवा लागतो, दाबलं की विझतो. बाकीचं सगळं बाबांचं आहे, ते आहे तिथंच राहणार. घराचा पासवर्ड मी मघाशीच स्पीकरला सांगून बदललाय. यापुढे या घरात कोणाला कोणाची दया आली, तर आधी माझ्याकडे येऊन सांगायचं. मी बघेन त्याचा नियम करायचा की नाही ते."