सात नंबरच्या खांबाखालचा चेकर

पहिल्याच भेटीत बारकूदादांनी माझ्या पाठीवर खडूने गोल काढला.

मी कामतघरच्या रिक्षा स्टँडवर उभा होतो. शाळेत शिकवायला निघालो होतो, अंगात नवा कोरा शर्ट. मागून कोणीतरी पाठीला बोट लावल्यासारखं वाटलं म्हणून दचकून वळलो, तर पांढऱ्या दाढीचा एक काटकुळा म्हातारा हातात खडू घेऊन उभा.

"अहो, काय करताय हे?" मी ओरडलो.

"धागा तुटलाय," ते शांतपणे म्हणाले. "दुसऱ्या नंबरचा माल हाय. पयल्या नंबरचा सांगून गल्यात मारला तुमच्या."

स्टाफरूममध्ये शर्ट काढून पाहिला. गोलाच्या बरोबर मधोमध एक धागा तुटलेला होता. म्हाताऱ्याच्या आगाऊपणापेक्षा त्या धाग्यानेच मी जास्त हादरलो.

बारकूदादा लूमच्या कारखान्यात चेकर होते. कापडाचा ताका टेबलावरून सरकवायचा, दोष दिसला की खडूने गोल करायचा, एवढंच काम तीस वर्षं केलं. झोपायचे तिथेच, घडी घालायच्या खोलीत. कारखाना विकला गेला, त्या जागी गोदाम आलं. नोकरी आणि घर एकाच दुपारी गेलं, आणि दादा उड्डाणपुलाच्या सात नंबरच्या खांबाखाली राहायला आले. हात मात्र थांबेना. समोर ताका नव्हता, मग त्यांनी भिवंडीच तपासायला घेतली. रस्त्यातल्या खड्ड्यांना गोल. नव्या गटाराच्या भेगेला गोल. वाढदिवसाच्या फलकावर एका माननीयांच्या हास्याभोवती गोल. कार्यकर्ते धावून आले तेव्हा दादा म्हणाले, "चिडता कशाला? सगला फलक फेल न्हाय केला. हसू तेवढंच फेल हाय."

त्यांना शोधत पुलाखाली गेलो तेव्हा मला दुसरा धक्का बसला. तिथे दहा-बारा माणसं झोपायची, आणि दादांनी प्रत्येकाच्या जागेवर ज्याला हवं ते जमिनीवर काढून दिलं होतं. एका हमालाला खिडकी. त्याच्या शेजाऱ्याला कुलूपबंद कपाट. बिहारहून आलेल्या इम्तियाजला टीव्ही, त्यावर कायम भारताचीच बॅटिंग. "अपना मॅच कभी हारता नहीं," इम्तियाज मला अभिमानाने म्हणाला. कोणी कोणाच्या चित्रावर पाय देत नसे. कपाटवाला तर उठताना कुलूप ओढून बघायचा.

आणि मासे. खाडीत मिळतात ते बोईट, निवटी, चिंबोऱ्या. खांबापासून निघालेली त्यांची रांग तीन वळणं घेऊन थेट चौकातल्या नळापर्यंत जायची. रोज सकाळी दादा गुडघ्यावर सरकत पुसट झालेले मासे पुन्हा काढायचे. "हे कशासाठी?" म्हणून विचारलं, तर म्हणाले, "मास्तर, तुमी धडे कशासाठी शिकवता?"

पुढचा अपराध माझा. गावातल्या एका सांस्कृतिक मंडळाच्या अध्यक्षांजवळ मी दादांचं कौतुक केलं. मंडळाला सत्कार करायला माणूस हवाच होता. त्यांचे नेहमीचे सत्कारमूर्ती सगळे दोनदा करून झाले होते. 'पदपथावरील प्रतिभा' असा कार्यक्रम ठरला, पुलाखालीच, संध्याकाळी पाच वाजता. निमंत्रणपत्रिकेचा मजकूर मी लिहिला. त्यात 'वंचितांचे विश्वकर्मा' हा शब्दप्रयोग आहे, तोही माझाच.

साडेचारला पोचलो आणि जागीच थिजलो. पाहुण्यांच्या बुटांना धूळ लागू नये म्हणून मंडळाने टँकर मागवून पुलाखालची सगळी जमीन धुऊन काढली होती. चौकापर्यंतचा रस्तासुद्धा. खिडकी नाही, कपाट नाही, इम्तियाजची मॅच नाही. ज्या चित्रांसाठी कार्यक्रम, ती सोडून बाकी सगळं जागच्या जागी होतं. स्टेज, हार, शाल.

"अध्यक्षसाहेब, चित्रं कुठं गेली?"

"फोटो काढून ठेवलेत ना," अध्यक्ष म्हणाले. "फ्लेक्स केलाय मोठा."

दादा स्टेजकडे बघतही नव्हते. ओल्या जमिनीवर खडू उमटत नव्हता, म्हणून अंगातला सदरा काढून त्याने जमीन पुसत होते आणि पुसलेल्या जागी मासा काढत होते. मला पाहून ओरडले, "मास्तर, आक्का न्हाय आली!"

आक्का म्हणजे खांबाला टेकून बसणारी एक म्हातारी. रोज दुपारी नळावर जायची, चूळ भरायची, कळशी घेऊन परत यायची. तिला काही लक्षात राहत नाही, हे मला तेव्हा कळलं. मान वर करून ती बघतच नसे. जमिनीवरचे मासे बघत यायची. त्या दिवशी ती नळावर असताना टँकर आला होता.

"नलावर बघून आलो, थितं न्हाय. मी खांब सोडला आन् ती आली तर? तुमी नलाच्या फुडं, ती भटकली असंल त्या रस्त्याला काढा, मी हितून नलापरेंत काढतो. खाली बघूनच चालते ती." त्यांनी खडूचा तुकडा माझ्या हातात कोंबला.

मी धावलो. आयुष्यात मासा कधी काढला नव्हता. नळापासून कामतघरच्या रस्त्याला, पुढे राहनाळच्या फाट्याला, जमेल तसे काढत सुटलो. ट्रकवाले शिव्या देत होते. शाळेतल्या दोन विद्यार्थिनींच्या आयांनी मला रस्त्यावर रांगताना पाहिलं आणि पदर सावरून बाजूला झाल्या.

फाट्यावरून वळून पुलाखाली आलो तर तिथे टाळ्या चालू होत्या. उघड्या अंगाने जमिनीवर मासे काढणाऱ्या दादांना बघून पाहुण्यांना वाटलं, हे प्रात्यक्षिक. लोक मोबाइल घेऊन भोवती उभे होते. "वा! काय तल्लीनता!" प्रमुख पाहुणे म्हणून आलेले माननीय माइकवरून म्हणाले. दादांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि त्याचेही फोटो निघत होते.

तेवढ्यात गर्दीतून कोणीतरी भांडत आत शिरलं. आक्काच. मान खाली, कळशी रिकामी, पाय चिखलाने भरलेले.

"पांडू! हे कोनी काढलंय रं? शेपूट फुडं आन् तोंड मागं! असला मासा खाडीत एक दिस जगंल का?"

"नवा मानूस हाय, आक्का," दादा म्हणाले. "शिकल."

त्यांनी तिला खांबाला टेकवून बसवलं, सदऱ्याच्या कोरड्या टोकाने तिचे पाय पुसले. मी हळूच विचारलं, "तुमचं नाव पांडू आहे?"

"न्हाय वो. पांडू तिचा भाऊ. कवाच खाडीत बुडाला म्हनतात." ते पाय पुसतच होते. "मी हितं नवा आलो तवा ही हाका मारत फिरायची. पांडू, पांडू. चार दिस कोनी ओ दिली न्हाय. मलाबी कोन हाक मारनारं उरलं नव्हतं. पाचव्या दिशी मी दिली."

स्टेजवरून सत्कारासाठी त्यांचं नाव पुकारलं गेलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आदराने, तीन वेळा.

दादांनी मान वर केली नाही. आक्का म्हणाली, "पांडू, पानी दे." आणि ते कळशी घेऊन उठले.