टॉवेलाखालचा कॉम्प्युटर

आमचे मन्मथअप्पा कुणाच्याही घरी गेले की पाणी पिण्याआधी भिंत तपासत. बोटाने टकटक करत, कान लावत आणि यजमानासमोरच जाहीर करत, "दगा हाय!" माझ्या घरमालकाच्या देखत त्यांनी हा उद्योग केला आणि पुढच्याच महिन्यात माझ्यावर नवी खोली शोधायची पाळी आली.

लातूरला तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघाले होते. आमच्या क्लासमध्ये मी रसायनशास्त्र शिकवायचो आणि अप्पा कॉम्प्युटरवर मार्क चढवायचे. जाडजूड पुस्तकं वाचून कॉम्प्युटर ते आपले आपणच शिकले. पुण्याहून विकत आणलेल्या प्रोग्रॅममधली चूक त्यांना बसल्या जागी सापडे. "मग तुम्हीच एक लिहा की," म्हटलं की कानाला हात लावत.

"आपलं काम पोकळ भिंत वळखायचं, सर. रचायचं न्हाई."

आणि अचानक हेच अप्पा दुपारचा डबा सोडून कॉम्प्युटरला चिकटू लागले. कुणी आलं की खांद्यावरचा टॉवेल झटकन पडद्यावर. क्लासचे मालक धास्तावले. हा समोरच्या क्लासला आपले पेपर फोडतोय! "लक्ष ठेवा," मला फर्मान सुटलं. मीही मनापासून ठेवलं. आमच्या धंद्यात सख्ख्या भावाचाही भरवसा धरत नाहीत.

एका दुपारी अप्पा हात धुवायला गेले आणि मी टॉवेल उचलला. पडद्यावर माझ्याच विषयाचा प्रश्न, खाली चार पर्याय. सापडला चोर! मी मुद्दाम चुकीचं उत्तर दाबलं. इंग्रजी अक्षरांत मराठी उमटलं: "चुकू दे, बसू. घाबरू नको. परत बघ."

मागे अप्पा उभे होते, चेहरा पांढराफटक.

"हे काय, अप्पा? आणि बसू कोण?"

"एवढ्या गर्दीत खेड्यातली पोरं इचारायला लाजत्यात. त्यास्नी एकट्यानं चुकता यावं, म्हणून ह्यो प्रोग्रॅम लिहायलोय." मग खाली बघत म्हणाले, "बसू माझा धाकटा भाव. त्याला हितंच शिकायला ठेवायचं होतं. घराची थोरली भिंत म्या रचली होती, सर. दगडमातीची, दोन हात रुंद. जेवढी जाड तेवढी पक्की, आसंच समजायचो आम्ही. समदं गाव बघून गेलं. भूकंपात तीच त्याच्या अंगावर आली."

मी हातातल्या टॉवेलाची घडी घातली आणि विचारलं, "मग हे झाकता कशाला? मुलांना द्या की."

"माझ्या हातचं हाय. टिकंल का?" आणि एकाएकी त्यांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली. "तुमचा कुणावरच इस्वास न्हाई. तवा तुम्हीच बसा. वाट्टेल ती बटनं हाणा. पडायचं तर आज पडू द्या. उद्या लेकरं बसायचीत."

मी बसलो. उलटसुलट बटणं हाणली, दोन्ही तळहात एकदम आपटले, उत्तराच्या जागी मालकांचं नाव लिहिलं. अप्पा दाराबाहेर जाऊन पाठ करून उभे राहिले होते.

"उभं हाय का?" त्यांनी तिकडूनच विचारलं.

मी आणखी एक उत्तर चुकवून पाहिलं.

"उभं आहे, अप्पा," मी म्हणालो. "बसूला परत बघ म्हणतंय."