समितीनं खाल्लेला पॅराबोला

“अकराला समिती येतीया आणि बाराला सही ठोकून जातीया! लिहून ठेवा!”

संयोगितानं स्टाफरूमच्या मधोमध उभं राहून हे सांगितलं, आणि सांगताना टेबलावर असा हात आपटला, की तीन कपांतला चहा आपापल्या बशीत उतरला.

आता ही संयोगिता म्हणजे कोण, ते ऐका. कोल्हापुरातल्या एका ज्युनियर कॉलेजात अकरावीला गणित शिकवणारी बाई. पायाला भिंगरी! फळ्यावरचं एक गणित सुटेपर्यंत वर्गाला तिच्या चार फेऱ्या व्हायच्या. पोरांच्या माना डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं. दोन महिन्यांत सगळ्या वर्गाची मानदुखी बरी झाली म्हणतात! आणि सगळा वर्ग म्हणजे तरी किती? नऊ पोरं. मोजून नऊ.

तिथंच घोडं अडलं होतं. संस्थेचं म्हणणं, नऊ पोरांसाठी गणिताची तुकडी कशाला? जूनपासून बंद! आणि बाईंची बदली मलकापूरच्या शाळेत, पाचवीला पाढे शिकवायला. वाचायची वाट एकच होती. जिल्ह्याची तपासणी समिती येणार, गणिताची प्रयोगशाळा बघणार, आणि ती मान्य झाली तर तुकडी राहणार.

प्रयोगशाळा कसली? जिन्याखालची खोली होती ती. त्यात एक फळा, एक टेबल, एक लाकडी कंपास आणि एक पाल. त्यातली कामाची वस्तू तेवढी पाल.

संयोगितानं ठरवलं, शंकूचे काप दाखवायचे. शंकू आडवा कापला की वर्तुळ मिळतं, तिरका कापला की एलिप्स, आणखी तिरका, अगदी त्याच्या उताराला समांतर कापला की पॅराबोला, आणि उभा कापला की हायपरबोला. पोरं हे फळ्यावर बघून बघून कंटाळली होती. हातात कापलेला शंकू दिला, तर समिती टाळ्याच वाजवंल!

पण शंकू करायचा कशाचा? थर्माकोलचा केला, तर कापताना सगळ्या घरात बर्फ पडला. नवरा दोन दिवस शिंकत होता. गाजर आणलं, ते सासूबाईंनी किसून हलव्यात घातलं. सुताराकडं गेली, तर तो म्हणाला, “दिवाळीला देतो.” आणि चालू होता मार्च!

मग ती गेली मामाकडं. जोतीराममामा म्हणजे गावाकडचा नावाजलेला गुळव्या. काहिलीतला रस नुसता वासावरनं वळखायचा, आणि उसाच्या कांड्याला कान लावून ऊस कुठल्या शिवारातला ते सांगायचा!

“मामा, मला शंकू पायजे. गुळाचा.”

“ते काय असतंय?”

“नरसाळं पालथं घातल्यावर दिसतंय तसं.”

मामा तिच्याकडं बघतच राहिला. “पोरी, ढेप बादलीवानी असती. टोकाचा गूळ बाजारात कोण घेतंय? उभाच ऱ्हायाचा न्हाय त्यो!”

“मला इकायचा न्हाय मामा. कापायचा हाय.”

“मग खायाचा कवा?”

“खायाचा न्हायच!”

मामाला हे काही पटलं नाही. पण भाचीचा शब्द. पत्र्याची मोठी नरसाळी घेऊन, त्यांची खालची तोंडं बंद करून त्यात गूळ ओतला. किलो-सव्वा किलोचे पाच शंकू झाले. कोमट असतानाच तारेनं कापले. असे कापले, की गुऱ्हाळातली माणसं काम टाकून बघत उभी राहिली. हायपरबोलासाठी दोन शंकू टोकाला टोक लावून चिकटवले, तर तो झाला डमरू! मामानं त्याला हातच जोडले.

आदल्या दिवशी संयोगितानं ते सगळं परातीत मांडलं, मुंग्या चढू नयेत म्हणून परात पाण्यात ठेवली, वर पांढरं फडकं झाकलं आणि पाटी लावली: ‘हात लावू नये.’ परात टेबलावर चढवायला शिपाई केरबा होता. त्यानं नाकानं दोनदा जोरात श्वास घेतला.

“बाई, ह्येच्यात काय हाय?”

“मॉडेल हाय. गणिताचं.”

“गणिताला असला वास असतोय व्हय!” केरबा पुटपुटला.

मॉडेल गुळाचं आहे हे तिनं कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर स्टाफरूमनंच रात्रीतून अभ्यास केला असता.

दुसऱ्या दिवशी काय झालं? समिती अकराला येणार होती ती आली दहाला! आधीच्या कॉलेजात चहासुद्धा मिळाला नाही म्हणून तिथनं लवकर उठली होती म्हणे. समितीत दोघंच. मोठे साहेब हंबीरराव, पोट पुढं आणि मिशा त्याच्याही पुढं, आणि त्यांच्याबरोबर शिवांजली मॅडम, हातात वही, नजर घारीसारखी. संयोगिता त्या वेळी कुठं होती? कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडं! काप कुठला ते सांगणाऱ्या चिठ्ठ्या छापून घेत होती, आणि तिथंही एका जागी उभी राहीना. “लवकर हो रं! अजून किती? झालं का?” म्हणून तिनं त्या मशीनलाच घाई केली. मशीननं घाबरून एकाच्या जागी चाळीस चिठ्ठ्या काढल्या.

इकडं प्रिन्सिपॉल विश्वजित सरांची तारांबळ. त्यांनी पावण्यांना खुर्च्या दिल्या, पंखा लावला आणि केरबाला हाक मारली. “केरबा, साहेब उन्हातनं आल्यात. आधी गूळ-पाणी दे!”

उन्हातनं आलेल्या पावण्याला गूळ-पाणी दिल्याशिवाय पुढचं बोलायचं नाही, ही आपली रीतच. केरबा कानाशी वाकला. “सर, गूळ संपलाय. परवाच्या सभेला...”

“मग कुठनंबी आण! समितीला कोरडं पाणी देतोस व्हय?”

कुठनंबी म्हटल्यावर केरबाला नाक आठवलं. नाकानं त्याला सरळ जिन्याखाली नेलं!

संयोगिता चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन धावत आली, तर ऑफिसात साहेब डोळे मिटून काहीतरी चघळत बसलेले. मिशीवर सोनेरी चुरा.

“वा!” साहेब म्हणाले. “इतक्या दिसांत असला बिनभेसळीचा गूळ न्हाय खाल्ला! कुठला म्हणायचा?”

“आमच्या कॉलेजचाच की!” विश्वजित सर छाती फुगवून म्हणाले. त्यांना तरी काय ठाऊक!

संयोगितानं गठ्ठा खाली टाकला आणि पळत सुटली. जिन्याखाली गेली, तर पुढं रांग! तिची नऊ पोरं, दोन क्लार्क, शेजारच्या टायपिंग क्लासची बारा माणसं, गेटावरचा रिक्षावाला, आणि त्याच्या रिक्षातली एक म्हातारी, जिला खरं तर दवाखान्यात जायचं होतं. कुणीतरी उठवलं होतं, की कॉलेजात महादेवाचा प्रसाद वाटताहेत! रांगेच्या तोंडाशी केरबा, हातात बत्ता.

“केरबा!! काय केलंस ह्ये?”

“काय झालं बाई?”

“पाटी लावलीया न्हाय का! हात लावू नये म्हणून!”

“हात कुठं लावला बाई? बत्ता लावला की!”

परातीत बघितलं. एलिप्स गेला होता. पॅराबोला गेला होता. डमरू तर म्हातारीच्या पदरात बांधून झाला होता. “फोडताना म्या माफी मागितली बाई देवाची,” केरबा म्हणाला, जणू तेवढ्यानं हायपरबोला परत येणार होता. उरलं होतं एकच: आडव्या कापलेल्या शंकूचं बूड. ते तेवढं बत्त्याला दाद देईना.

“आणि ह्येचं टोक?”

“ते साहेबांना दिलं. अख्खं. मानाचा खडा की त्यो!”

संयोगिता परातीभोवती गरागरा फिरायला लागली. हे असं मलकापूर डोळ्यांपुढं दिसायला लागलं. बे एके बे, बे दुणे चार, आणि बाहेर पाऊस आणि पाऊस. तेवढ्यात दारात साहेबांचं पोट आलं, पाठोपाठ साहेब.

“हं मॅडम. दावा तुमचं साहित्य.”

“साहित्य...” संयोगितानं परातीकडं बोट केलं. “साहेब, साहित्य तुम्ही खाल्लं.”

खोलीतली पालसुद्धा थबकली.

“काय म्हणालात?” साहेबांच्या मिशा ताठ झाल्या. “समितीवर आरोप करताय? लिहा हो शिवांजली मॅडम! साहित्य आढळलं न्हाय!”

“थांबा साहेब,” शिवांजली मॅडम म्हणाल्या. त्यांची वही बंदच होती. त्या परातीत वाकून बघत होत्या. “ह्ये बूड कशाचं?”

“शंकूचं. बरोब्बर निम्म्या उंचीवर कापलाय. ह्येच्यावरचं टोक साहेबांना...”

“म्हंजे साहेब, तुम्ही निम्मा शंकू खाल्ला?” मॅडमचा आवाज चढला. “निम्मा? वहिनींनी मला बजावून धाडलंय! साखर तीनशेवर गेलीया आणि मला म्हणालात नुसता खडा टाकला तोंडात! आत्ताच वहिनींना फोन लावतो मी!”

आता साहेबांचा चेहरा पाडव्याच्या संध्याकाळच्या गुढीसारखा उतरला. “अवो मॅडम... खडाच हुता... बारकासा...”

“निम्मा शंकू खडा असतोय व्हय?”

संयोगिता फिरता फिरता थांबली. पोरांनी नंतर शपथेवर सांगितलं, की बाई थांबलेल्या त्यांनी पहिल्यांदाच बघितल्या!

“निम्मा न्हाय मॅडम,” ती म्हणाली. “मोना, फळ्याजवळ जा.”

मोना म्हणजे नवातली सगळ्यात चुणचुणीत पोरगी. तोंडातला एलिप्स घाईघाईनं गिळून ती खडू घेऊन उभी राहिली.

“उंची निम्मी झाली तर त्रिज्या?”

“तीबी निम्मी, मॅडम.”

“त्रिज्येचा वर्ग?”

“पाव.”

“आणि त्याला निम्म्या उंचीनं गुणलं तर?”

“आठवा हिस्सा!” मोना ओरडली. मागनं टायपिंग क्लासनं टाळ्या वाजवल्या.

“म्हंजे?” साहेबांनी दाराची चौकट धरली.

“म्हंजे उंचीनं निम्मा, पण गुळानं फकस्त आठवा हिस्सा, साहेब. सात हिस्से ह्या बुडात हायत. बघा की, किती मोठं हाय!”

साहेबांनी बूड बघितलं. मग फळा बघितला. मग परत बूड. एवढ्या प्रेमानं गणिताकडं आजवर कुणी बघितलं नसंल!

“आठवा! बघा मॅडम! म्या म्हणत न्हवतो? खडाच!” ते मोनाकडं वळले. “पोरी, ते वर्गाचं परत सांग. सावकाश. आणि ह्या मॅडमना नीट दिसंल असं मोठं लिही!”

मोनानं परत लिहिलं. साहेबांनी तिसऱ्यांदा लिहायला लावलं. शेवटी स्वतः खडू घेतला, आणि चुकले, तर रिक्षावाल्यानं दुरुस्त केलं! साहेबांनी फळ्याचा फोटो काढला. “घरी दावायला उपयोगी पडंल,” म्हणाले.

“पण आठवा म्हंजे ग्रॅममधी किती?” शिवांजली मॅडमनी विचारलं.

मोनानं तोंड उघडलं. संयोगितानं तिच्या पायावर पाय दिला. “ते पुढच्या धड्यात हाय मॅडम!”

साहेबांनी संयोगिताकडं असं बघितलं, की तिला वाटलं, आता हे पाया पडतात! खिशातलं पेन काढून त्यांनी तिथंच अहवाल लिहिला. शिवांजली मॅडमनी वाचून दाखवला. “साहित्य अत्यंत परिणामकारक. विद्यार्थी, पालक व रस्त्यावरचे नागरिक यांच्यात गणिताची मोठी गोडी आढळली. मात्र साहित्य अपुरे पडले. सबब पुढच्या महिन्यात फेरतपासणी. तोवर तुकडी बंद करू नये.”

मलकापूर महिनाभर लांब गेलं! पोरांनी उड्या मारल्या, विश्वजित सरांनी घाम पुसला. साहेब गाडीत बसता बसता काच खाली करून म्हणाले, “मॅडम, फुडच्या बारीला समिती सात जणांची असंल. शंकूत जरा येलदोडा घाला.”

संयोगितानं उभ्या उभ्या मामाला फोन लावला. “मामा, आणखी पंधरा शंकू पायजेत!”

“आगं, गुऱ्हाळ कालच बंद झालं की! ऊस संपला. आता कार्तिकात.”

“आँ? मग मी समितीला काय दावू?”

“त्यात काय एवढं?” मामा निवांतपणी म्हणाला. “काचंचं नरसाळं घे. बूड बंद कर, निम्मं पाणी घाल, वरचं तोंड काचंनं झाक. सरळ धरलं की पाणी वरनं गोल दिसतंय, तिरकं केलं की लांबट, आणि आणखी कलतं केलं की तुझा त्यो पारा का बोला. तार नको, मुंग्या न्हाईत, कोण खाईत न्हाय.”

संयोगितानं फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाली, “मामा, ह्ये तुम्हाला आधीच ठाव हुतं?”

“आगं, रोज नरसाळ्यानं काकवी वततोय मी, दिसंना व्हय?”

“मग तवाच का न्हाय सांगितलं?”

“तू इचारलंस कुठं?” मामा म्हणाला. “तू गूळ मागितलास, म्या गूळ दिला.”