साळवीकाका आणि राणीछाप रुपया

लग्नात आहेराचं पाकीट देण्याआधी साळवीकाका त्यावर चिकटवलेला रुपया नखाने सोडवतात, खिशातलं भिंग काढून त्याची कड बघतात, आणि मगच पाकीट नवरदेवाच्या हातात ठेवतात. मागे रांग खोळंबते, नवरी अवघडते. काकांना त्याचं काही नसतं. "देऊन टाकला आणि नेमका चुकीच्या ठशाचा निघाला तर? जन्मभर हळहळायचं?"

हेंद्रेपाड्यात आमच्या समोरच्याच दारात ते राहतात. बायको वारली, मुलगा परदेशात. अंबरनाथच्या एका कारखान्यात माल तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली, आणि तिथला एक शब्द त्यांच्याबरोबर घरी आला. "नापास!" वाण्याने दिलेलं नाणं, बिल्डिंगचा सेक्रेटरी, माझी साबुदाण्याची खिचडी, सगळे नापास.

टाकसाळीत चुकलेल्या नाण्यांवर मात्र त्यांची माया. ठसा सरकून अर्धं कोरं राहिलेलं दोनाचं नाणं, एका बाजूला काहीच न उमटलेला रुपया, अशी सगळी त्यांनी कापसात ठेवलीत. "खोटं वेगळं आणि चुकलेलं वेगळं, शोभा. खोटं मुद्दाम करतात. हे बिचारं मशीनखाली जरा हललं, एवढंच."

एकदा मी आणि सासूबाई उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये चादरी घ्यायला गेलो, तर काका एका दुकानाच्या पायरीवर भांडत होते. दुकानदार जुने चांदीचे रुपये म्हणून काहीतरी विकत होता.

"साईं, ओरिजिनल है. हमारे नानाजी का है."

काकांनी नाण्याच्या कडेवरची साच्याची रेघ त्याच्या डोळ्यांसमोर धरली. "तुम्हारा नानाजी कल शामको साच्यातून निकला क्या?"

आजूबाजूचे हसले, दुकानदारही हसला, आणि त्याने काकांना चहा पाजला. चहा नापास झाला.

गेल्या दिवाळीच्या आधी सासूबाईंनी त्यांचा राणीछाप रुपया काकांना दाखवला. त्यांचं माहेर चामटोलीचं. लग्नात आईने ओटीत घातलेला तो रुपया दर लक्ष्मीपूजनाला चौरंगावर असतो. काकांनी तो तोलला. जरा हलका भरला. "झिजलाय, चालेल." भिंगातून कड बघितली. "चिंचेने घासघासून वाट लावलीत हो, वहिनी." मग कानाची परीक्षा. नाणं बोटाच्या टोकावर तोलायचं आणि दुसऱ्या नाण्याने हळूच टिचकी मारायची. चांदी असेल तर बारीक, लांब आवाज निघतो. ओतलेलं खोटं नाणं थप्प करून गप्प बसतं.

काकांनी कानाशी नेऊन वाजवलं. परत वाजवलं. मग रुपया सासूबाईंच्या हातावर ठेवला.

"नापास."

सासूबाईंनी रुपया पदरात बांधला. दारातून आत येईपर्यंत त्यांचे डोळे भरले. "आईने मला खोटा दिला गं? तिला ठाऊक असेल का?" त्या दिवशी त्या नीट जेवल्या नाहीत.

मी तिथेच उभी होते. रुपया छान वाजला होता, स्वच्छ. पण काकांपुढे मी कसली बोलते?

दुसऱ्या दिवशी चकल्या द्यायला गेले. काकांची बेल चिमणीसारखी चिवचिवते. जाळीच्या दारातून ते समोरच दिसत होते, नाण्यांचा डबा उघडून बसलेले. मी बेल दाबली. पुन्हा दाबली. चिमणी ओरडत राहिली, काकांनी मान वर केली नाही. शेवटी हाक मारली तशी लगेच वळले.

"बेल नाही का वाजवायची?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. चकल्यांचं ताट हातात तसंच धरून मी म्हणाले, "काका, काल आईंचा रुपया वाजला होता."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग डब्यातला एक रुपया बोटावर घेऊन टिचकी मारली. "हा?"

"वाजतोय."

दुसरा घेतला. "हा?"

"वाजतोय की."

काकांनी डबा मांडीवर ओढून घेतला. "वर्षभर एकेक मुका होत चाललाय गं. माझेच. म्हटलं, जन्मभर मीच फसत आलो की काय. कुणाला सांगणार?"

मग चपला न घालताच ते आमच्या घरी आले. "वहिनी, रुपया पास. माझे कान नापास. तुमच्या आईने खरा दिलाय." सासूबाईंनी त्यांना आधी बसवलं, मग हवं ते ऐकवलं, मग जेवायला वाढलं.

मुलाने फोनवरून कानाचं मशीन घ्यायला सांगितलंय. काका म्हणतात, बघू. तोवर दुपारी भांडी आवरली की मी त्यांच्याकडे जाऊन बसते. ते रुपया वाजवतात आणि नाण्याकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघतात.

"आहे?"

"आहे."

"अजून?"

मी बोट वर करते, थांबा म्हणून. आवाज अगदी बारीक होत जातो. तो पुरता संपेपर्यंत मी बोट खाली घेत नाही.