डाग तेवढे बघा

छोटीला चित्रकलेची पदवी घ्यायची होती. तिने कलेचा इतिहास घ्यावा असं आईचं मत होतं, आणि तिने रसायनशास्त्र शिकून दुकानात यावं असं बाबांचं. आत्याचं मत कुणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे तीच सगळ्यांत जास्त बोलत होती.

"चित्रं काढून पोट भरतं का गं?" आत्याने विचारलं.

"काढून नाही भरत, वन्सं," आई म्हणाली. ती शाळेत इतिहास शिकवायची. "चित्रं काढणारे उपाशी मरतात. ते मेले की त्यांच्यावर पुस्तकं लिहिणारे जेवतात. छोटीने जेवणाऱ्यांच्या पंगतीत बसावं एवढंच माझं म्हणणं आहे."

"मला काढायचीत, आई. लिहायचं नाहीये."

"बाबांना विचार."

बाबांना विचारून उपयोग नव्हता. टेबलावर आमटीचा एक थेंब पडला होता आणि बाबा तो ओल्या फडक्याने कडेकडून मधे असा टिपत होते. हे काम चालू असताना घराला आग लागली असती तरी त्यांनी आधी थेंब पुरा केला असता.

बाबांची लाँड्री होती. पाटीवर लिहिलेलं होतं, 'डाग दाखवा आणि विसरून जा'. फुशारकी नव्हती ती. शाई, गंज, वंगण, रंग, काहीही आणा, बाबा ते कापडाला कळू न देता काढत. लग्नाकार्यात समोरच्याच्या कोटावर डाग दिसला की त्यांना घास जात नसे. घरात तर डागाला थाराच नव्हता. पडल्या पडल्या तो उचलला जाई. छोटीने लहानपणी पहिलं जलरंगातलं चित्र काढून दाखवलं, तेव्हा बाबांनी ते प्रेमाने हातात घेतलं आणि म्हणाले, "कागद ओला झालाय गं, उन्हात ठेव." त्यानंतर तिने त्यांना काही दाखवलं नाही आणि त्यांनीही काही मागितलं नाही. दोघांनाही त्याचं वाईट वाटे, पण बोलणार कोण?

चित्रशाखेच्या प्रवेशाला मुलाखत होती आणि मुलाखतीला स्वतःचं एक मोठं काम न्यायचं होतं. छोटीचं काम तयार होतं. वर्षभर गॅलरीतल्या टेबलावर तिने एक पांढरं सुती कापड अंथरलं होतं. त्या टेबलाशी आई पेपर तपासायची, आत्या औषध घ्यायची, संध्याकाळचा चहा व्हायचा, भांडणं व्हायची, आणि जे जे सांडेल ते छोटी सांडू द्यायची. मग प्रत्येक डागाभोवती बारीक पेन्सिलीने त्याचा काठ रेखायची, समुद्राच्या नकाशात बेटं रेखतात तसा. बाबांची दुकानातून यायची वेळ झाली की कापडाची घडी पलंगाखाली जाई. आई आणि आत्या या कटात सामील होत्या. आयुष्यभर डागाला घाबरून राहिलेल्या त्या दोघींना रोज संध्याकाळी तासभर मोकळेपणी सांडता येत होतं, हे काय थोडं होतं?

कामाचं नाव होतं 'घर'. त्यात घरातले सगळे होते. बाबांचा कोपरा तेवढा कोरा होता, कारण बाबा तिथे कधी बसलेच नव्हते.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी छोटीच्या मनाने उचल खाल्ली. आज बाबांना दाखवायचंच. घरी दाखवायचा धीर होईना, म्हणून ती सकाळीच कापड घेऊन दुकानात गेली. तिथे गिऱ्हाइकांची गर्दी. तिने घडी काउंटरवर ठेवली आणि एका दमात म्हणाली,

"बाबा, हे उद्या मुलाखतीला न्यायचंय. यावरचे डाग तेवढे बघा. नीट बघा हं, एकेक."

"बघतो की," बाबा म्हणाले. "संध्याकाळपर्यंत बघतो."

छोटी लाजून पळाली ती थेट अर्जाला लावायच्या स्वतःच्या फोटोच्या प्रती आणायला.

आता जन्मापासून लाँड्रीच्या वाफेत वाढलेल्या मुलीला हे कळायला हवं होतं. डॉक्टर पेशंटला बघतात, गुंड माणसाला बघून घेतात, आणि बाबा डाग बघतात. 'यावरचा डाग तेवढा बघा' हे वाक्य त्या काउंटरवर रोज शंभरदा उच्चारलं जाई आणि त्याचा अर्थ एकच होता. पण छोटीच्या डोक्यात त्या वेळी कला होती, आणि डोक्यात कला असली की माणूस मातृभाषेतच फसतो.

बाबांनी घडी उघडली आणि त्यांचं काळीज हललं. इतके डाग एका कापडावर त्यांनी उभ्या जन्मात पाहिले नव्हते. भोवती पेन्सिलीच्या खुणाही केलेल्या, लाँड्रीत काढायच्या डागाला करतात तशा. पोरीने किती दिवस लपवलं असेल, किती भ्यायली असेल! आणि शेवटी आली कुणाकडे? बापाकडे. बाबांनी गिऱ्हाइकांना हात जोडले, शटर अर्धं खाली ओढलं आणि बाह्या सरसावल्या. जेवायलाही ते घरी आले नाहीत. त्या दिवशी त्यांच्या हातून आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम झालं. दुर्दैवाने ते खरंच फार चांगलं झालं.

संध्याकाळी ते कापड हँगरवर लावून, वर प्लास्टिकचं आवरण घालून, मिरवणुकीतल्यासारखं हात उंच धरून घरी आले.

"घे," ते म्हणाले. इतके खूश ते छोटीच्या जन्माच्या दिवशीच दिसले होते.

छोटीने आवरण काढलं. कापड पांढरंशुभ्र होतं. तिने ते उलटं केलं. मागूनही पांढरंशुभ्र होतं.

"डाग गेले!" ती किंचाळली. "माझे डाग गेले! सगळेच्या सगळे डाग गेले!"

आत्या आतल्या खोलीत डुलकी काढत होती. झोपेत तिला डाग या शब्दाचा जुना अर्थच लागे, दागिना, आणि तो कपाटाच्या चोरकप्प्यात ठेवलेला होता. "अगं बाई, माझ्या पाटल्या!" म्हणत ती उठली, कपाटाकडे धावली, किल्ली सापडेना म्हणून खिडकीतून "चोर! चोर!" ओरडली. वरच्या मजल्यावरचे निवृत्त काका छत्री उगारून खाली आले आणि दारात पहिला जो पुरुष दिसला त्याची कॉलर त्यांनी धरली. ते बाबा होते.

"काय काय नेलंत, बोला!" काका गरजले.

"अहो काका, मी आहे! डाग मीच काढले!"

"कबूल करतोय!" काका म्हणाले.

काकांना समजावून वर पाठवेपर्यंत आत्याला किल्ली सापडली, पाटल्या सापडल्या आणि चुकून आईची हरवलेली एक कुडीही सापडली, ती आपल्या कपाटात कशी आली याचं आत्याला स्पष्टीकरण देता येईना. या सगळ्या गोंधळात छोटी जमिनीवर बसून होती.

"बाबा," ती म्हणाली, "मी तुम्हाला बघायला सांगितलं होतं."

"बघितले ना. एकही ठेवला नाही."

"बघायला, बाबा. डोळ्यांनी. ते माझं चित्र होतं."

बाबांचा हात हँगरवरच राहिला. मग आई म्हणाली, "तरी मी सांगत होते, इतिहास घे." या वाक्याची ती वेळ नव्हती, पण आईला आयुष्यात बरोबर ठरण्याची संधी कमी मिळालेली होती.

"पुन्हा पाडू," बाबा एकदम म्हणाले. माणूस हतबल झाला की काहीही बोलतो. "सगळे बसा. कुठे काय होतं सांगा, तिथे तिथे पाडू."

कापड टेबलावर अंथरलं गेलं. आईने लाल शाईची बाटली आणली, आत्याने औषध, चहा उकळला. पण कुठे काय होतं यावर एकमत होईना.

"हा मधला मोठा ओघळ वन्संच्या औषधाचा," आई म्हणाली.

"माझा? मी कधी सांडते? तो तुझ्या चहाचा. रागाने कप आपटलास तेव्हाचा."

"मी कुठे रागावते!"

"कधी रागावली होतीस?" बाबांनी विचारलं.

"तुम्ही नव्हतात," आई म्हणाली.

अखेर छोटीने डोळे पुसले, चहाचा कप घेतला आणि जिथे तिला आठवत होतं तिथे ओतला. चहा कापडावर पडला, गोल झाला, इकडून तिकडे घरंगळला आणि टेबलावरून खाली आत्याच्या पायावर पडला. कापड कोरडं ठणठणीत राहिलं.

शाई ओतली. शाईचे लाल मणी झाले आणि ते पळाले. तेल टाकलं, तेही थांबेना.

सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं.

"मी त्यावर लेप दिलाय," बाबा खाली मान घालून म्हणाले. "बाहेरून मागवलेला. गिऱ्हाइकालाही देत नाही मी तो. म्हटलं, पोरीला पुन्हा कधी डागाची भीती वाटायला नको." आणि मग, राहवेना म्हणून, अगदी हळू आवाजात, "थेंब बघ ना कसा उभा राहतो!"

छोटी उठून आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. रडण्याचा आवाज बाहेर येत होता. बाबा दाराशी उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना काही तरी परत घाण करायचं होतं आणि ते येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी छोटी ते कापड घेऊन मुलाखतीला गेली, कारण न्यायला दुसरं काही नव्हतं. समोर तिघं बसली होती. मधे प्रमुख बाई, एका बाजूला दाढीवाले सर आणि दुसऱ्या बाजूला खिडकीबाहेर पाहणारे सर. छोटीने कापड त्यांच्या टेबलावर अंथरलं.

"हे काय आहे?" बाईंनी विचारलं.

"घर."

"कोरं आहे."

"काल धुतलं," छोटी म्हणाली आणि तिचा बांध फुटला. आता गमावण्यासारखं काहीच उरलं नव्हतं, त्यामुळे ती बोलत सुटली. इथे आईच्या लाल शाईचे शिंतोडे होते, अख्खा वर्ग नापास झाला त्या संध्याकाळचे. इथून मांजर गेलं होतं. इथे कपाचं गोल, अर्धंच, कारण आत्या अर्धा कप सांगून दोन पिते. इथे आईने कप आपटला होता, बाबा सणासुदीलाही दुकान बंद करत नाहीत म्हणून. बोट फिरवत ती टेबलाभोवती फिरत होती. खिडकीबाहेर पाहणारे सर आत पाहू लागले. शिपायाने चहा आणला तेव्हा दाढीवाले सर कप कुठे ठेवावा या विचारात पडले.

"ठेवा सर," छोटी हुंदका देत म्हणाली. "त्यावर आता काहीच पडत नाही."

"आणि हा कोपरा?" बाईंनी विचारलं.

"तो बाबांचा. तो आधीपासूनच कोरा होता." छोटी थांबली. "आधी यावर सगळे होते आणि बाबा नव्हते. आता फक्त बाबा आहेत."

बाई बराच वेळ त्या कोऱ्या कापडाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मग आता यात तुझं काय आहे?"

छोटी खोटं बोलू शकली असती. "काही नाही," ती म्हणाली.

"तेच तर. चित्रशाखेत तुला घेऊ कशी? चित्रच नाही." बाईंनी चष्मा काढला. "पण जे नाही त्याबद्दल तू चहा गार होईपर्यंत बोललीस आणि आम्हाला ते दिसलं. कलेच्या इतिहासात आम्ही आणखी काय करतो? तिकडे तुझी जागा पक्की."

अशा रीतीने आईचं म्हणणं खरं झालं. आनंद लपवायचा तिने खूप प्रयत्न केला, पण दुपारपर्यंत तिने तीन ठिकाणी फोन केले होते. बाबांनी छोटीला एकदाच विचारलं, "माझ्यामुळे गेलं ना गं तुझं?" छोटी म्हणाली, "नाही हो, बाबा." तिला रडू आलं होतं आणि ते बाबांना दिसलं.

छोटी कॉलेजात रमली म्हणा किंवा गुंतली म्हणा. हातात ब्रश घ्यायला तिला वेळ उरेना. तारखा, शैली, कुणावर कुणाचा प्रभाव, हे तिला झोपेतही सांगता येऊ लागलं. बिघडले ते बाबा. गिऱ्हाइकाने कपडा टाकला की ते पूर्वी नुसती पावती फाडत. आता ते डागावर बोट ठेवून विचारू लागले, "हा कसा पडला?"

"तुम्हाला काय करायचंय? काढा ना!"

"काढतो हो. पण आधी सांगा."

एका गृहस्थाच्या कॉलरवरच्या लाल खुणेबद्दल त्यांनी असंच विचारलं, शेजारी त्या गृहस्थाची बायको उभी असताना. ते घराणं पुन्हा दुकानात आलं नाही.

मग एक दिवस एक पांढरा शर्ट आला. पाठीवर शाईने भरलेल्या दोन इवल्या हातांचे ठसे होते. मुलाने मागून येऊन मिठी मारली असावी. बाबा तो शर्ट घेऊन घरी आले आणि निबंध लिहीत बसलेल्या छोटीपुढे धरला.

"माझ्याच्याने काढवत नाही गं."

छोटीने वर पाहिलं. "छान आहे," ती म्हणाली. "फोटो काढून ठेवा आणि धुऊन टाका, बाबा. माणसाला ऑफिसला जायचं असेल." आणि ती पुन्हा लिहू लागली.

बाबा दुकानात परत गेले. शर्टाचा मालक आला तेव्हा शर्ट होता तसाच होता.

"नाही निघत," बाबा म्हणाले.

हे वाक्य त्या दुकानात आजवर कुणी ऐकलं नव्हतं. मालक चिडून शर्ट घेऊन समोरच्या लाँड्रीत गेला आणि तिथे तो डाग तासाभरात निघाला. संध्याकाळपर्यंत गल्लीभर बोभाटा झाला की बाबांचा हात गेला, साधी शाई निघत नाही त्यांना.

"अरे, दुकानाच्या नावाला डाग लागला की," आत्या हळहळली. "काही तरी कर."

बाबांनी काउंटर पुसून फडकं वाळत घातलं.

"राहू दे," ते म्हणाले.